अंबील गेली, चोरी शून्य

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी, चालत्या गाडीत, बोगद्याच्या आत, माझ्या दोन पायांच्या मधून अंबिलीने भरलेला बिंदगा नाहीसा झाला. वेळ मी सांगत नाही, माझी सून विजयश्री सांगते. तिच्या हातात मोबाईल होता, आणि बोगदा लागला की त्या मोबाईलमध्ये घड्याळाशिवाय बघण्यासारखं काही उरत नाही.

बिंदगा मातीचा, गळ्यापर्यंत भरलेला. ज्वारीचं पीठ तीन दिवस आंबवलेलं, ताक घरच्या म्हशीचं, लसूण-जिरं माझ्या हाताने वाटलेलं. आमच्या निर्णा गावात राजूबाईच्या, म्हणजे माझ्या, अंबिलीला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. एक जन्माला आला होता, पण तो माझ्या माहेरचा.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ राघोबा. येळवशीला शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, सूर्य डोक्यावर आला की पिकात अंबील शिंपतात आणि मग पंगत बसते. त्याआधी कुणी घास तोंडात घालत नाही. सात वर्षांपूर्वी अशाच पंगतीत, चाळीस माणसांसमोर, राघोबा म्हणाला होता, "अक्का, औंदा अंबील जरा पातळ झालीया." मी हातातला बाजरीचा उंडा पत्रावळीवर ठेवला, उठले, आणि सात वर्षं त्याच्या शेताचा बांध ओलांडला नाही.

ह्या वर्षी त्यानेच फोन केला. "अक्का, तुझ्या अंबिलीबिगर म्या पूजा मांडत न्हाई. चाळीस मानसं उपाशी बसतील तर बसू दे."

ही माफी होती. आमच्या घराण्यात माफी अशीच मागतात, दुसऱ्याला उपाशी ठेवून. मीही मोठ्या मनाने म्हणाले, "येते."

त्याचं शेत हुणसेकट्टा ठेसनाला लागून. तिथला रस्ता पाइपलाइनीसाठी खोदला होता आणि पाइप कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोटारसायकलवर बिंदगा हिंदकळतो. मग रेल्वे बरी म्हटलं. माणसं नसली तरी रूळ सरळ असतात.

आता बोगद्याचं सांगते. आमच्या गाडीत दिवे आहेत. ते बोगद्याबाहेर, भर उन्हात लागतात. बोगदा आला की विश्रांती घेतात. अंधार झाला, कुणीतरी खाकरलं, माझ्या पायाला गार लागत होतं ते लागेनासं झालं. उजेड आला तेव्हा पायात फक्त चुंबळ उरली होती.

"माझा बिंदगा!" मी ओरडले.

डब्यात सत्तर माणसं होती. सत्तर जणांनी एकदम वाकून आपापलं सामान चाचपलं. ते जागेवर आहे हे कळल्यावर सगळ्यांना माझं फार वाईट वाटलं.

समोरच्या बाकावर एक मिशीवाला बसला होता, तो तेवढा दिसेना. त्याच्या शेजारचा कोटातला गृहस्थ म्हणाला, "आजी, हे आपल्याकडंच न्हाई बगा. जगभर चालू हाय. विलायतेत मालगाडीचे डबे फोडतेत. कुठं कुठं तर अख्खे रूळ उचलून भंगारात घालतेत. जागतिक समस्या हाय ही."

"मग माझा बिंदगा विलायतेला गेला का रे?"

"तसं न्हाई. म्हंजे तुमी एकट्या न्हाईत, येवढंच."

हे ऐकून डब्याला धीर आला. अंबील गेली ती माझी. धीर आला तो त्यांना.

हुणसेकट्ट्याला उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. फलाटावरून राघोबाची कोप दिसत होती. तिच्याभोवती माणसं बसलेली दिसत होती. ती जेवत नव्हती, हेही दिसत होतं.

ठेसनावर रेल्वे पोलिसांची एका खोलीची चौकी आहे. हवालदार शिवशरण खुर्चीवरून अर्धा उठला. "कुंद्री अक्का, कुंद्री," म्हणाला आणि बसायला स्टूल सरकवलं. माणूस गोड. त्याच्या डोक्यावर, भिंतीला, भलंमोठं कापड लावलेलं होतं : 'जागतिक रेल्वे गुन्हे निर्मूलन पंधरवडा. आमचे ध्येय, शून्य चोरी.' खाली फळा होता : 'आजपर्यंतच्या चोऱ्या', आणि पुढे भोपळ्याएवढं शून्य.

मी झालेली चोरी सांगितली. शिवशरणने कानावर हात ठेवले.

"अक्का, तो शब्द नको. पंधरवडा हाय."

"मग काय म्हणू?"

"ते आपण दोघं मिळून शोधू. पण ते न्हाई. ते शून्य बगा री. खडूनं न्हाई लिवलं, आइल पेंटनं लिवलंय. वरून पेंटरच पाठवला होता."

"पंधरवडा नसता तर लिहून घेतलं असतंस का?"

"तवा तर आणखी अवघड." त्याने कागदावर बोगदा काढला. "हे बगा. बोगद्याचं ते तोंड त्या ठाण्याचं, हे तोंड आमचं. मधी चुन्याची रेघ हाय. बिंदगा रेघेच्या अल्याड गेला का पल्याड?"

"अंधार होता रे बाबा. मला काय दिसणार?"

"तेच तर. अंधारासाठी ठाणं मागितलंय, अजून मंजूर न्हाई."

शेवटी त्याने हरवलेल्या वस्तूचा अर्ज काढला. हरवण्याला पंधरवड्याची हरकत नव्हती. हरवण्यात दोष प्रवाशाचा असतो. विजयश्री अर्ज भरू लागली. वस्तू : बिंदगा, अंबिलीसह. कंपनीचं नाव? मी म्हटलं, लिही, राजूबाई. खरेदीची पावती? म्हशीला विचारा म्हटलं. हमीची मुदत?

"संध्याकाळपर्यंत," मी म्हणाले. "त्यानंतर आंबट होते."

शिवशरणने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

तेवढ्यात दारात गाडीतला तोच मिशीवाला उभा राहिला. आता त्याच्या दंडाला हिरवी पट्टी होती, 'रेल्वे सुरक्षा मित्र', आणि गळ्यात शिट्टी. विजयश्रीने मला कोपर मारलं. मी म्हटलं, "शिवशरण, ह्यो माझ्या समोर बसला होता. अंधारात गेला आणि उजेडात आलाच न्हाई!"

"ह्यो हरिओम," शिवशरण कौतुकाने म्हणाला. "ह्या लाइनीवरचे सगळे जुने जाणते लोक आमी मित्र करून घेतलेत. पट्टी दिली, शिट्टी दिली. तवापासून त्यांच्यावर एक तक्रार न्हाई. तक्रार आली तर चौकशी तेच करतेत."

"चोराच्या हातात शिट्टी दिलीस?"

"अक्का, आत्ता म्या चोर न्हाई," हरिओम नम्रपणे म्हणाला. "सोळाव्या दिवशी बगा." मग टाच आपटून त्याने वर्दी दिली, "सायेब, फलाटाच्या टोकाला एक बिंदगा बेवारस दिसायलाय."

"तुला कसा दिसला?"

"म्याच ठेवलाय. म्हंजे ठेवलेला म्याच बगितलाय. तूप असंल वाटलं होतं कुणालातरी. कान लावला तर आत कोनतरी बोलायलंय! म्हनून तेनं तिथंच सोडला आन् हिकडं वर्दी द्यायला आला."

तीन दिवस आंबवलेली अंबील गुडगुड करणारच. नुसतं पीठ कालवलं तर गप्प बसतं. पण सरकारी कान तसले नसतात. हरिओमने शिट्टी फुंकली, फलाटाच्या टोकाला दोरी बांधली गेली, आणि माइकवरून सूचना झाली : संशयास्पद वस्तू आढळली आहे, प्रवाशांनी लांब राहावे. आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मराठीत काहीच सांगितलं नाही, म्हणून मी पुढे गेले.

शिवशरण आडवा आला. "अक्का, हात लावू नका! बेवारस हाय!"

"मी हाय की वारस. जिती जागती."

"तुमी वारस असलाव तर तो बेवारस न्हाई. बेवारस न्हाई तर हरवलेला न्हाई. हरवलेला न्हाई तर मगाचा अर्ज खोटा. खोट्या अर्जाला शिक्षा हाय."

"आणि मी वारस नसले तर?"

"तर हात लावू नका."

चौथी शिकलेल्या बाईला एवढं कळलं की ह्यात कुठेतरी माझी अंबील आंबट होणार आहे. तेवढ्यात राघोबाचा फोन.

"अक्का, कुठं हाईस? लेकरं भुकेनं रडायलीत. निलम्मानं दोनदा इचारलं, पूजा मांडायची का म्हनून."

निलम्मा म्हणजे त्याची बायको, माझी भावजय. बोलायला मऊ. मला मऊ बोलणारी माणसं आवडत नाहीत, त्यांच्यावर ओरडता येत नाही.

"तिला सांग, हात बांधून बस. मी फलाटावर हाव. पोलिसांनी अंबिलीला घेरलंय."

"कामून?"

"बोलायलीय म्हणून."

मग तो म्हणाला, "म्हंजे दाट झालीया." त्या क्षणी मी ठरवलं की आता जीव गेला तरी बिंदगा सोडायचा नाही.

आता पाहुण्यांचं सांगायला हवं. त्याच गाडीला एक खास डबा जोडलेला होता आणि त्यातून एक परदेशी साहेब उतरले होते. रेल्वेतले गुन्हे हा त्यांचा अभ्यास. चोऱ्या शून्यावर आणण्याची हुणसेकट्टा पद्धत बघायला ते कुठल्याशा थंड देशातून आले होते. त्यांच्या स्वागतासाठी गाडी अजून फलाटावरच थांबवली होती. त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि हार घालून ते थेट दोरीपाशी आले. त्यांचा दुभाषा बोगद्यापलीकडच्या ठेसनावर चहाला उतरला होता आणि गाडी त्याला सोडून आली होती, म्हणून विजयश्रीला उभं केलं. ती बीए आहे. इतके दिवस त्याचा उपयोग फक्त मला उलट बोलायला होत होता.

साहेब बराच वेळ बोलले. विजयश्रीने सांगितलं, त्यांच्या देशातही गाड्या उशिरा येतात, डब्यातून सायकली जातात, तांब्याच्या तारा जातात. तक्रार करायला फोन केला तर यंत्र म्हणतं, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि गाणं लावतं.

शिवशरणचे डोळे पाणावले. "म्हंजे आपण काय लई म्हागं न्हाई," तो म्हणाला. "फकस्त गाणं तेवढं लावायचं राहिलंय."

साहेबांना शून्याचं रहस्य हवं होतं. त्यांना फळा दाखवला. त्यांनी शून्यावर बोट फिरवलं, नखाने खरवडून बघितलं, आणि वहीत पेंटच्या कंपनीचं नाव लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, ह्या भांड्याचं काय करणार? सव्वाअकरा वाजले होते. शिवशरणने घाम पुसला, आणि त्याला वाट सुचली : संशयास्पद वस्तूचा पंचनामा. आतला माल अंबील ठरला तर संशय मिटतो, संशय मिटला की वस्तू परत. पाच पंच लागतात. एक पाहुणे, एक गाडीचा ड्रायव्हर, एक गार्ड, एक कोटातला गृहस्थ आणि पाचवा हरिओम, कारण वस्तूची सगळ्यात जास्त माहिती त्यालाच होती. ड्रायव्हर-गार्ड पंच झाल्याने गाडी उभीच राहिली. गाडी उभीच राहिल्याने आमच्या डब्यातली सत्तर माणसं खाली उतरली.

हरिओमने बिंदगा चौकीसमोर आणून त्याच्या तोंडाचं कापड सोडलं. ते कापड म्हणजे पांढरा टॉवेल. त्याच्या कोपऱ्यावर रेल्वेचा निळा शिक्का. सगळा फलाट तो शिक्का वाचायला पुढे सरकला.

"अक्का," शिवशरण हळूच म्हणाला, "हे कुठलं?"

"माझा थोरला एसीच्या डब्यातून आला होता. त्याला गाडीनं दिला."

"वापरायला देतेत अक्का. न्यायला न्हाई."

पंधरवड्यातली पहिली चोरी हाती लागली होती, मुद्देमालासह, आणि चोर तक्रारदार होती. पण मीही राजूबाई आहे. कमरेवर हात ठेवला आणि म्हटलं, "ज्याच्या घरात असलं कापड न्हाई, तेनं फुडं यावं आन् मला बेड्या घालाव्या."

सत्तर माणसं गाडीचं इंजिन बघू लागली. कोटातल्या गृहस्थाला खोकला लागला. विजयश्रीने भाषांतर केलं तेव्हा साहेब मोकळेपणाने हसले आणि हसता हसता त्यांनी आपल्या बॅगेची चेन गच्च ओढून घेतली. शिवशरणच्या खुर्चीच्या पाठीवर तसलेच दोन टॉवेल होते. त्याने पायाने चौकीचं दार लोटलं आणि पंचनाम्यात लिहिलं, 'तोंडास कापड, मालकी सार्वजनिक.'

आता माल ओळखायचा. साहेबांना पहिला पेला. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि काहीतरी म्हणाले. "दुसरा मागतायत," विजयश्री म्हणाली. ड्रायव्हर म्हणाला, एका घोटात खात्री देता येत नाही, माझ्या जबाबदारीवर गाडी चालते. गार्डने ड्रायव्हरची खात्री तपासून घेतली. हरिओमने डोळे पुसले. "अक्का, बोगद्यातच प्यालो असतो तर परत आणला नसता," तो म्हणाला. चोराच्या तोंडून ह्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण मी प्रत्येकाला विचारत होते, "पातळ तर न्हाई न?"

सात वर्षं ते एक वाक्य माझ्या घशात अडकलं होतं. पाच पंचांनी सांगितलं, न्हाई. पाचांवर माझं समाधान होईना. मागे सत्तर माणसं उभी होती, पेले, झाकणं, पाण्याच्या बाटल्यांची कापलेली बुडं घेऊन. आणि येळवशीला मागणाऱ्याला न्हाई म्हणत नाहीत, ही आमची रीत. मी पदर खोचला, पळी हातात घेतली, आणि एकेकाला वाढत विचारत गेले. पातळ तर न्हाई न? न्हाई अक्का. पातळ तर न्हाई न? काय बोलायलाव आजी, चमचा उभा राहील. विजयश्री दोनदा म्हणाली, "आत्याबाई, पुरे." मी म्हटलं, तू गप, तुला खाण्यातलं काय कळतंय.

सत्तराव्या माणसाने न्हाई म्हटलं तेव्हा पळी बिंदग्याच्या बुडाला घासली.

पंचनामा झाला. 'माल अंबील. एकमताने. घट्टपणा समाधानकारक.' साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शिवशरणने मला पावती दिली : बिंदगा एक, मातीचा, न फुटलेला, वारसास परत. चोरी शून्य. गाडी शिट्टी देऊन निघून गेली. माझ्या डोक्यावर रिकामा बिंदगा राहिला आणि विजयश्रीच्या तोंडावर एक हसू, जे मी अजून विसरले नाही.

बाराला दहा कमी होते. रेल्वेच्या पायवाटेने आम्ही शेताच्या मागल्या बाजूने गेलो. सत्तर माणसांनी दाट म्हटलेली अंबील त्यांच्या पोटात गेली होती, आणि ज्याला दाखवायची होती तो समोर पूजेचं ताट घेऊन उभा होता. आता तो काय म्हणेल? अक्का रिकाम्या हाताने आली. अक्काला आता होत नाही. चाळीस माणसं मान हलवतील. मला वाटलं, इथूनच मागे फिरावं आणि आणखी सात वर्षं रुसावं.

बांधावर निलम्मा उभी होती. एकटीच. मी डोक्यावरून बिंदगा उतरवायच्या आत तिने तो उतरवून घेतला. उचलताच तिचे हात थांबले. तिने आत बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं, पंधरवड्यापासून सुरुवात करावी की बोगद्यापासून, ते कळेना.

"बसा अक्का," ती म्हणाली. "दमलाव."

तुरीच्या ओळीत तिने आपला हंडा झाकून ठेवला होता. तिने केलेली अंबील. राघोबाने नको म्हटलं होतं तरी केलेली. तिने ती माझ्या बिंदग्यात ओतली, गळ्यापर्यंत. काठावर सांडलेली पदराने पुसली, आणि बिंदगा परत माझ्या डोक्यावर ठेवला. "चला," म्हणाली, "खोळंबलेत."

पूजा झाली. पिकात अंबील शिंपली. राघोबाने पहिला पेला तोंडाला लावला, सगळा संपवला, मिशा पुसल्या आणि चाळीस माणसांना ऐकू जाईल असं ओरडला, "ह्याला म्हंतेत अंबील! सात वरसं कुठं होतीस ग अक्का? काय दाट, काय चव! निलम्मा, बग, शीक जरा अक्काकडून."

सगळ्यांनी निलम्माकडे बघितलं. ती खाली मान घालून उंडे वाढत होती.

डोक्यावर लखलखीत ऊन होतं. माझ्या तोंडात घास होता. तो मी सावकाश चावला, गिळला, आणि म्हणाले, "तिच्या हाताला वळण हाय. येईल हळूहळू."

राघोबाने मला शालू नेसवला. माझी तक्रार राहिली नाही. निघताना निलम्मा बांधापर्यंत सोडायला आली आणि तसल्याच मऊ आवाजात म्हणाली, "अक्का, फुडच्या वर्षी बिंदगा भरून आणू नका. रिकामाच बरा, वझं होत न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, राजूबाई, एवढं तोंड आहे तुम्हाला, तिथेच खरं का नाही सांगितलं? सांगते. आधी तुम्ही सांगा, तुमच्या घरी मागल्या सणाला पाहुणे ज्याची वाहवा करून गेले ते कुणाच्या हातचं होतं आणि ती वाहवा कुणी घेतली. आठवलं का? मग असं लांब उभं राहून काय बघता? या इकडे, माझ्या शेजारी बसा. पाट टाकलेला आहे.